हा कोणाचा?

भोगीच्या दुपारी संमती कट्ट्यापाशी अक्षता टाकून घरी आले, तेव्हा माझ्या केसांत तांदळाचे दाणे अडकलेले होते. अव्वाने, माझ्या आईने, ते एकेक करून वेचले आणि देवघरातल्या वाटीत ठेवले. गुडघ्यांमुळे तिला आता सोलापूरच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेच्या, गर्दीत जाता येत नाही. तिच्या वाट्याच्या अक्षता मीच टाकते आणि घरी येऊन तिला सगळं सांगते. नंदीध्वजांच्या सातही काठ्या कशा आल्या, बाराबंदीतली पोरं उन्हात कशी उभी होती, 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' झालं तेव्हा सगळे हात एकदम कसे वर गेले. तिला हे सगळं पाठ आहे, तरी ती मन लावून ऐकते.

रात्री तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी खाऊन झाली. अव्वा उशीला टेकून बसली आणि मी लॅपटॉप उघडला. 'गेस हूज कमिंग टू डिनर' हा सिनेमा मी कितीतरी वर्षं बघायचा ठेवला होता. त्याची गोष्ट मला ठाऊक होती. तशीच एक गोष्ट आमच्या घरात घडून गेली होती, म्हणूनच तो बघायला हात धजत नव्हता.

"काय बघलालीस गं?"

"इंग्रजी सिनेमा आहे. जुना."

"मलापण सांग मग."

अव्वा 78 वर्षांची आहे. तिला इंग्रजी येत नाही. घरात कन्नड, दारात मराठी, बाजारात थोडी तेलुगू आणि थोडी उर्दू, एवढ्यावर तिचं आयुष्य सोलापुरात नीट गेलं. मग मी वाक्यावाक्याला थांबत तिला सिनेमा सांगू लागले. पावणेदोन तासांचा सिनेमा संपायला आम्हाला तीन तास लागले.

सिनेमा 1967 चा, स्टॅन्ली क्रेमर यांनी दिग्दर्शित केलेला. सॅन फ्रान्सिस्कोतलं एक सुखवस्तू गोरं घर. वडील मॅट वर्तमानपत्राचे मालक, समतेच्या बाजूने आयुष्यभर लिहिणारे. आई क्रिस्टिना चित्रांची गॅलरी चालवते. मुलगी जोई 23 वर्षांची. ती हवाईहून परतते ती एका कृष्णवर्णीय डॉक्टरला सोबत घेऊनच. दोघांची ओळख दहा दिवसांची, आणि लग्न ठरवून मोकळे झालेत. डॉक्टरला रात्रीच्या विमानाने निघायचंय, तेव्हा आई-बापांनी काय ते आजच सांगायचं. संध्याकाळी डॉक्टरचे आई-वडीलही लॉस एंजेलिसहून जेवायला येतात. एका दिवसात सगळा निकाल.

सुरुवातीलाच टॅक्सीत त्या दोघांचं चुंबन आहे. ते दिसतं फक्त ड्रायव्हरच्या समोरच्या छोट्या आरशात, ड्रायव्हरच्या नजरेला नजर लावून. मी तिथे थांबवलं. अव्वाने मान फिरवली म्हणून नव्हे. मला अक्का आठवली. मी आठवीत असताना सायकलवरून येत होते आणि कंबर तलावाच्या काठावर अक्का आणि दाजी बसलेले दिसले. दोघांच्या मध्ये एक माणूस सहज बसेल एवढी जागा होती. तरी मला कळलं. मी मान खाली घालून जोरात पायडल मारलं. त्या दिवसापासून मीही त्या टॅक्सीवाल्यासारखी एक बघणारी होते.

आता अव्वाला सांगायची वेळ आली की या घरात नेमकं बिघडलंय काय.

"तो काळा आहे ना, म्हणून आई-बाप हादरलेत."

"काळा तर काळा. देखणा किती आहे! आणि डॉक्टर आहे म्हणालीस की."

ती सिडनी पॉइटिएकडे बघत होती. ऑस्करमध्ये प्रमुख भूमिकेचं पारितोषिक मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय पुरुष. मी तिला गुलामी सांगितली, वेगळे नळ, वेगळे बाक, बसमध्ये मागे बसायची सक्ती सांगितली. म्हटलं, "त्यांच्याकडं रंग म्हणजे नुसता रंग नसतो अव्वा, त्यांच्याकडं रंग म्हणजे…"

"जात," अव्वाच म्हणाली. त्यानंतर पुढचा सगळा सिनेमा तिला माझ्यापेक्षा लवकर कळत गेला.

फरक आहेच, आणि तो मोठा आहे. तिथे दार उघडल्या उघडल्या कळतं. आपल्याकडे आडनाव विचारेपर्यंत माणूस आपलाच असतो. दाजी आमच्या घरी पहिल्यांदा आले ते अक्काच्या कॉलेजातले मित्र म्हणून. अप्पांनी त्यांच्याशी तासभर गप्पा मारल्या, "मुलगा वाचणारा आहे" असं कौतुक केलं, आणि निघताना चपला घालत असलेल्या त्या मुलाला सहज विचारलं, "आडनाव काय म्हणालास?" उत्तर तेलुगू होतं. अप्पा "बरं, बरं" म्हणाले. त्या दोन 'बरं'मध्ये दार किती लोटलं गेलं, ते मला त्या वयातही ऐकू आलं होतं.

सोलापूरच्या बाहेरच्यांना हे सांगायला हवं. आमच्या गावाच्या पूर्व भागात तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर पिढ्यान् पिढ्या राहतात. सोलापुरी चादर म्हणून जी सगळ्यांच्या अंगावर असते, तिच्यामागे त्यांच्या घरातले माग आणि त्यांच्या बायकांचे हात आहेत. तिथल्या कितीतरी घरांत बायका विड्या वळून संसार चालवत आल्या. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा सगळं गाव बघायला जातं, आणि गड्ड्याला तेही सगळे आमच्यात असतात. एकमेकांच्या सणाला जाणं वेगळं, एकमेकांच्या चुलीपर्यंत जाणं वेगळं. आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग, घरात अंडंसुद्धा नाही. त्यांच्याकडे रविवारी मटण. भाषा वेगळी, देव वेगळा, ताट वेगळं. सारखा होता तो एकच शब्द. आम्हीही मोठ्या बहिणीला अक्का म्हणतो, तेही अक्काच म्हणतात.

अप्पा शाळेत मराठी शिकवायचे. वैशाखात बसव जयंतीला त्यांचं भाषण ठरलेलं असे. हरळय्या आणि मधुवरसाची कथा ते अशी सांगायचे की पुढे बसलेल्या बायका डोळे पुसायच्या. उमरगा ओलांडून हैदराबादच्या रस्त्याने गेलं की बसवकल्याण लागतं. तिथे बाराव्या शतकात चांभार हरळय्याच्या मुलाचं लग्न ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी लागलं. बिज्जळ राजाने दोघा बापांचे डोळे काढले आणि त्यांना हत्तीच्या पायाला बांधून फरफटवलं. अप्पा ठासून सांगायचे की शिक्षा बापांना झाली, कारण संमती बापांनी दिली होती. मग ते बसवण्णांचं वचन म्हणायचे. 'इवनारव, इवनारव' म्हणायला लावू नकोस, 'इव नम्मव, इव नम्मव' म्हणायला लाव. हा कोणाचा, हा कोणाचा असं नको, हा आमचा म्हण. आणि शेवटची ओळ, तुझ्या घरचा मुलगा म्हण.

1989 च्या वैशाखात अप्पांनी हे भाषण केलं. महिन्याभराने विवाह नोंदणीच्या कचेरीत फळ्यावर अक्काच्या लग्नाची नोटीस लागली.

1954 चा विशेष विवाह कायदा आहे, त्यात 30 दिवस आधी अशी नोटीस लावावी लागते. ती कोणीही वाचू शकतो. कोणीतरी वाचली आणि अप्पांना शाळेत येऊन सांगितलं. सिनेमात डॉक्टरचे वडील मुलाला बजावतात की सोळा-सतरा राज्यांत तुम्ही गुन्हेगार ठराल. ते खरंच होतं. व्हर्जिनियातल्या रिचर्ड आणि मिल्ड्रेड लविंग या नवरा-बायकोला 1958 मध्ये रात्री त्यांच्या झोपायच्या खोलीत शिरून पोलिसांनी पकडलं होतं, गुन्हा एवढाच की तो गोरा आणि ती नाही. त्यांच्याच खटल्यात 12 जून 1967 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे सगळे कायदे रद्द केले. सिनेमाचं चित्रीकरण नुकतंच संपलं होतं आणि तो डिसेंबरात लागला, तोवर ते वाक्य कायद्यापुरतं जुनं झालं होतं. पडद्यावर मात्र ते तसंच राहिलं, आणि राहिलं ते बरं झालं. अक्काच्या आड कुठलाच कायदा नव्हता. अप्पा होते.

ते ओरडले नाहीत. त्यांनी तिला कोंडलं नाही, हात उचलला नाही. एवढंच म्हणाले, "मी नाही म्हणणार नाही. पण मला हो म्हणायला सांगू नकोस." अक्काने महिनाभर वाट पाहिली, तीन साक्षीदार घेऊन गेली आणि सही करून आली. आमच्यातलं कोणी नव्हतं. मी 14 वर्षांची, माझी सही चालली नसती. चालली असती तर केली असती का, हा प्रश्न मी स्वतःला आजही विचारते.

पुढच्या वर्षी बसव जयंतीला मंडळाची माणसं अप्पांना बोलवायला आली. अप्पा म्हणाले, "ज्याला घरी जमलं नाही त्यानं कट्ट्यावर बोलू नये." त्यानंतर ते कधीही भाषणाला उभे राहिले नाहीत. सिनेमातल्या मॅटला त्याचा पाद्री मित्र तोंडावर सुनावतो की तुझी तत्त्वं तुझ्या उंबऱ्यावर आली तेव्हा तू मागे सरलास. अप्पांना कोणी काही सुनावलं नाही. त्यांचं त्यांनीच जाणलं, आणि तरी ती आठ पावलं चालून पूर्व भागात जायला त्यांना आठ वर्षं लागली. मला त्यांचा राग होता. अजून थोडा आहे. पण ज्या दिवशी त्यांनी भाषण सोडलं त्या दिवशी ते मला फार खरे वाटले होते, आणि या दोन गोष्टी माझ्यात अजून शेजारी शेजारी नांदतात.

सिनेमात मला एक गोष्ट खुपली. तो डॉक्टर फारच निर्दोष आहे. जगात नावाजलेला, जागतिक आरोग्य संघटनेत मोठ्या हुद्द्यावर, नम्र, दुःख सोसलेला विधुर, आणि मुलीच्या घरात बसून आपला फोनचा खर्च स्वतःहून देणारा. असा जावई नाकारायला फक्त रंगच उरतो, हे दाखवायला ते केलं असणार, ते कळतं. तरी मनात येतं, तो टपाल वाटणारा असता तर? त्याचे वडील तेच काम करून निवृत्त झालेत. अव्वाही आमच्या नातेवाइकांना दाजींबद्दल सांगताना तेच करायची, "बी.कॉम. झालाय, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही." दाजी बी.कॉम. होते, खरं आहे. पण ते घरच्या चार मागांवरच बसत होते. ते विणकर आहेत, हे अव्वाने पहिल्यांदा मोकळेपणाने सांगायलाही काही वर्षं गेली.

विरोध एकीकडूनच नसतो, हे मात्र सिनेमाने चांगलं पकडलंय. घरात स्वयंपाक करणारी टिली स्वतः कृष्णवर्णीय, आणि डॉक्टरवर सगळ्यात जास्त तीच भडकते. हक्कांची चळवळ वेगळी आणि हे वेगळं, असं ती सरळ म्हणते. डॉक्टरचे वडीलही हादरतात. दाजींच्या घरीही हेच. त्यांची आई, जिला अक्का अत्तम्मा म्हणते, ती चार दिवस जेवली नाही. "ही लिंगाची पोर आपल्यात काय खाईल? आपल्या भांड्याला ही हात लावेल का?" हा तिचा घोर. मग तिनं काय केलं? विड्यांच्या मजुरीतून साठवलेले पैसे घेऊन बाजारात गेली आणि एक कोरा तवा, दोन पातेली, एक परात, एक झारा, दोन ताटं घेऊन आली. ती वेगळ्या फळीवर लावली, वर स्वच्छ टॉवेल झाकला, आणि अक्का घरात आली तेव्हा तिला हाताने धरून फळीपाशी नेलं. तिला मराठी जेमतेम यायचं. एकेक भांडं उचलून ती म्हणाली, "कोरं. कोरं. यात काही नाही शिजलं."

अक्का मला सांगते की त्या दिवशी तिला रडू आलं ते अपमान वाटून. आपल्याला वेगळं काढलंय असं तिला वाटलं. पुष्कळ महिन्यांनी तिच्या ध्यानात आलं की त्या बाईने स्वतःला वेगळं काढलं होतं, तेही आपल्याच घरात.

मी दर पंधरवड्याला सायकलवरून शेंगाचटणीचा स्टीलचा डबा घेऊन तिकडे जायचे. अव्वा डबा भरून पिशवीत ठेवायची आणि अप्पांच्या समोरच म्हणायची, "मैत्रिणीकडं देऊन ये." अप्पा पेपर वाचत असायचे. पेपर हलायचा नाही.

सिनेमातल्या क्रिस्टिनावर अव्वाचा जीव जडला. तिच्या गॅलरीत काम करणारी एक बाई नाक मुरडत, सहानुभूतीच्या सुरात बोलायला येते, तेव्हा क्रिस्टिना तिला गोड आवाजात गाडीपर्यंत सोडते आणि सांगते, गॅलरीत जा, पाच हजार डॉलरचा चेक लिही, तो घे आणि कायमची निघून जा. हे मी भाषांतर करून सांगितलं, तशी अव्वाने चक्क टाळी वाजवली. "परत लाव," म्हणाली. आम्ही ते दोनदा बघितलं. कॅथरिन हेपबर्न ही भूमिका करताना समोर मॅटच्या भूमिकेत स्पेन्सर ट्रेसी होते, त्यांचे कितीतरी वर्षांचे सोबती. ट्रेसी इतके आजारी की विमा कंपनी त्यांचा विमा उतरवायला तयार नव्हती. हेपबर्न आणि क्रेमर यांनी आपापलं मानधन तारण म्हणून अडकवून ठेवलं, तेव्हा काम सुरू झालं. चित्रीकरण संपल्यावर 17 दिवसांनी, 10 जूनला, ट्रेसी गेले. शेवटच्या लांब भाषणात ते म्हणतात की या दोघांना एकमेकांबद्दल जे वाटतं ते आम्हाला वाटलं त्याच्या निम्मं जरी असेल तरी पुरे आहे. तेव्हा मागे हेपबर्नच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलेलं दिसतं. मला नाही वाटत ते पाणी क्रिस्टिनाचं होतं.

अप्पांनी असं भाषण कधी केलं नाही. 1997 च्या उन्हाळ्यात एका दुपारी ते न सांगता दाजींच्या घरी गेले. खाली माग, वर राहायच्या दोन खोल्या. दाजी मागावर होते. चार माग चालू असले की तिथे शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. दाजींनी वर बघितलं, अप्पा दारात उभे. माग सोडून उठावं तर धागा तुटायचा. अप्पांनी हाताने 'चालू दे' अशी खूण केली आणि कांड्यांच्या खोक्यावर बसले. तासभर बसले. दाजी सांगतात, "मी धोट्याकडं बघू का यांच्याकडं बघू, मला कळेना." अप्पांच्या पांढऱ्या टोपीवर, भुवयांवर, मिशीवर सुताचा भुसा बसत गेला आणि त्यांनी तो झटकला नाही.

मग वीज गेली. चारही माग एकदम थांबले. सोलापुरात ज्यांनी ती शांतता ऐकली आहे त्यांना ती सांगावी लागत नाही. कान दुखतात तिच्याने. त्या शांततेत अप्पा म्हणाले, "तुमचं जेवण व्हायचंय का?"

व्हायचं होतं. वर अक्का होती, अत्तम्मा होती. आठ वर्षांत त्या वेगळ्या फळीवरची भांडी घरातल्या भांड्यांत कधीच मिसळून गेली होती. अक्का त्यात भाजी करायची, अत्तम्मा त्यात भात लावायची. अप्पा वर आलेले बघून अत्तम्मा घाबरली आणि म्हणाली, "आता कोरं नाही राहिलं." अप्पांना तिचं बोलणं कळलं की नाही, देव जाणे. त्यांनी हात धुतले, लिंगाला हात लावला आणि पाटावर बसले. ज्वारीची भाकरी, वांगं, आणि अव्वाचीच शेंगाचटणी, माझ्याच डब्यातली. त्यांनी चव घेतली आणि अक्काकडे बघितलं. आठ वर्षांत मैत्रिणीकडे गेलेला डबा कुठे जात होता ते त्यांनी तेव्हाही विचारलं नाही.

सिनेमात जेवण दिसतच नाही. सगळी बोलणी होतात, भाषण होतं, आणि मग मॅट टिलीला विचारतो की जेवायला कधी मिळणार, आणि सगळे टेबलाकडे जातात. तिथेच संपतो. अव्वाला ते पटलं नाही. लॅपटॉपवर नावं सरकायला लागली तरी ती बघत होती, पुढे जेवण दाखवतील म्हणून.

मी लॅपटॉप मिटला. साडेबारा वाजले होते. होम मैदानाकडून गड्ड्यातल्या पाळण्यांचा आवाज बंद झाला होता.

"त्या पोरीला कुणी विचारलंच नाही," अव्वा म्हणाली.

खरं होतं. सिनेमा बघताना माझ्या लक्षात आलं नव्हतं. डॉक्टर जोईच्या आई-वडिलांना एकांतात गाठून सांगतो की तुम्ही संमती दिलीत तरच मी लग्न करीन, आणि ही अट जोईला ठाऊकच नसते. दिवसभर सगळे तिच्या लग्नावर दोघे दोघे जाऊन बोलतात, गच्चीवर, बागेत, अभ्यासिकेत. ती तेवढी आनंदात इकडून तिकडे फिरत असते. डॉक्टरची आई मॅटला विनवते, म्हातारपणी पुरुषांना प्रेम कसं असतं ते आठवतच नाही, असं म्हणते. त्या दोन्ही आयांचं मन संध्याकाळ व्हायच्या आधीच तयार आहे. तरी सगळं अडतं ते एका माणसाच्या होकारावर.

मी दुपारी ज्या कट्ट्यापाशी उभी होते त्याची कथा याच्या उलटी आहे, हे मला तेव्हा सुचलं. कुंभाराच्या मुलीने सिद्धरामेश्वरांना स्वतःहून विचारलं होतं, मला तुमच्याशी लग्न करायचंय. ते योगी, म्हणून त्यांनी आपला योगदंड पुढे केला, आणि त्याच्याशी तिचं लग्न लागलं. इतक्या शतकांनंतरही दर भोगीला सोलापूर तिच्या लग्नाच्या अक्षता टाकतं. विचारणारी ती होती.

"अव्वा, तुला तरी कुणी विचारलं होतं का? तेव्हा?"

"कशाबद्दल?"

"अक्काबद्दल. तुझं काय म्हणणं आहे म्हणून."

तिने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. अप्पा जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, त्याच टोपीतला.

"आता तू विचारलालीस की."

"मग काय म्हणाली असतीस?"

अव्वाने पांघरूण ओढून घेतलं. दाजींच्या मागावरची चादर, निळी, मोराची. कडेचा एक सुटा धागा तिने बोटाला गुंडाळला आणि तोडला.

"म्हणाले असते, आधी ताटं करा. मग बोला काय बोलायचं ते."